सार्वजनिक सेवांचा खर्च : राज्याचा वाटा आणि गावाचा वाटा
(बिदर-कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात एक टिपण)

आपल्या स्मरणिकेच्या वाचकांमध्ये वैद्यकीय व्यवसायातील सहकारी आहेत, तसेच शिक्षक, व्यापारी, शेतकरी आणि निवृत्त अधिकारीही आहेत. या पानांवर एरवी मधुमेह, रक्तदाब, लसीकरण यांसारखे विषय येतात. यंदा मी थोडा वेगळा विषय हाती घेतला आहे. अर्थशास्त्राचा मी अधिकारी अभ्यासक नव्हे. परंतु सीमाभागात अनेक वर्षे दवाखाना चालविताना एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. रोगाच्या कारणाचा माग काढीत गेले, की पुष्कळदा जंतूच्या मागे फुटका नळ असतो आणि फुटक्या नळाच्या मागे ‘हे काम कोणाच्या खात्यातून करायचे’ हा न सुटलेला प्रश्न असतो. जंतूवर औषध आपण देतो. त्या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

प्रस्तुत लेखात राज्य सरकार आणि स्थानिक संस्था, म्हणजे ग्रामपंचायत, तालुका पंचायत, जिल्हा पंचायत व नगरपालिका, यांच्यात सार्वजनिक सेवांच्या खर्चाची विभागणी कशी होते, ती आपल्या भागात कोठे अडखळते आणि त्याबाबत आपल्याला काय करता येईल, याचा विचार करावयाचा आहे.

१. एका सेवेचे चार खर्च

‘सरकारी दवाखान्याचा खर्च’ असे आपण एका शब्दात म्हणतो. वस्तुतः त्यात चार निरनिराळे खर्च असतात. पहिला भांडवली : जागा, इमारत, यंत्रसामग्री. दुसरा वेतनाचा : डॉक्टर, परिचारिका, आरोग्य सहायिका, शिपाई. तिसरा औषधे व साहित्याचा. चौथा देखभालीचा : वीजबिल, पाणी, गळणाऱ्या छताची डागडुजी, शौचालयाची सफाई, कुंपण, बंद पडलेला पंप.

यांतील पहिला खर्च केंद्र किंवा राज्य करते. त्याचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. दुसरा राज्य करते, कारण कर्मचारी राज्याच्या सेवेत असतात. तिसराही बहुतांशी राज्याकडूनच येतो. चौथा खर्च आकाराने सर्वांत लहान. पण त्याला निश्चित धनी नसतो. कधी तो ग्रामपंचायतीवर ढकलला जातो, कधी आरोग्य रक्षा समितीवर, कधी एखाद्या उदार ग्रामस्थावर. आणि गंमत अशी, की पहिल्या तिन्ही खर्चांची फलश्रुती या चौथ्यावरच अवलंबून असते. उपकेंद्रात नळाला पाणी नसेल, तर नेमलेल्या परिचारिकेचा पगार चालू राहतो, बांधलेली खोली उभी राहते, पण प्रसूती तेथे होत नाही. ती बाई तालुक्याला किंवा हद्दीपलीकडच्या उदगीरला नेली जाते, आणि वाटेत जो वेळ जातो त्याची किंमत आपण सारे डॉक्टर जाणतो.

पाणीपुरवठ्याचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये आपल्यासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा ठरला. गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चातील शेकडा १० इतका वाटा गावाने उचलावा, आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत तो शेकडा ५ असावा, अशी तरतूद करण्यात आली. ही विभागणी टाकी व नळ बसविण्याच्या खर्चाची झाली. नळ बसल्यानंतर दरमहा येणारे पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या वॉटरमनचे मानधन आणि ब्लीचिंग पावडर यांचा भार ग्रामपंचायतीच्या तिजोरीवर येतो. तिजोरी मोठी असेल तर प्रश्न नाही. आपल्या भागात ती मोठी नाही, हाच प्रश्न आहे.

२. आपल्या भागाचा वारसा

आज कर्नाटकात असलेले बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या अमदानीत शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस घेतला जाई आणि स्थानिक रस्ते, शाळा, दवाखाने यांवर तो खर्च व्हावा असा संकेत होता. म्हणजे स्थानिक कामासाठी स्थानिक पैसा ही कल्पना येथे नवी नाही. तथापि त्या काळच्या लोकल बोर्डांवर अधिकाऱ्यांचाच वरचष्मा असे. कर रयतेने द्यावा आणि विनियोग अधिकाऱ्याने ठरवावा, अशी ती रीत होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. गुलबर्गा जिल्ह्यातील कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्राकडे गेले. एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले तशा एका कारभाराच्या तीन पद्धती झाल्या. सोयरीक, बाजार आणि बोली मात्र पूर्वीच्याच वाटांनी चालत राहिली.

महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. कर्नाटकात खऱ्या अर्थाने सत्तेचे वाटप झाले ते पुढे, रामकृष्ण हेगडे यांच्या कारकिर्दीत. ग्रामविकास मंत्री अब्दुल नझीर साब यांनी पुढाकार घेऊन १९८३ चा कायदा घडविला, आणि १९८७ मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या. गावोगावी कूपनलिका खोदविल्यामुळे लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणत. त्या व्यवस्थेत जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता, आणि शाळा व ग्रामीण आरोग्यसेवा त्या संस्थेच्या अखत्यारीत आली.

त्यानंतर ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि नगरपालिकांसाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय दिले आहेत. त्यांत पिण्याचे पाणी आहे, तसेच रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य व स्वच्छता हाही विषय आहे. घटनेने विषयांची यादी दिली. पैसा किती द्यावा हे मात्र प्रत्येक राज्याने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमून ठरवावे असे सांगितले.

३. टक्केवारीच्या आत काय आहे?

कर्नाटकाच्या पहिल्या राज्य वित्त आयोगाने १९९६ मध्ये शिफारस केली, की राज्याच्या स्वतःच्या कर्जेतर महसुलातील शेकडा ३६ इतका वाटा स्थानिक संस्थांना द्यावा. त्यातील शेकडा ८५ पंचायतींना आणि शेकडा १५ नागरी संस्थांना मिळावा, असेही त्याने सुचविले. दुसऱ्या आयोगाने २००२ मध्ये हा वाटा शेकडा ४० सुचविला. तिसऱ्या आयोगाने २००८ मध्ये शेकडा ३३ सुचविला. परंतु त्याने मोजमापाचा पायाच बदलला. आधीचे दोन आयोग एकूण महसुलावर टक्केवारी काढीत होते, तिसऱ्याने निव्वळ महसुलावर काढली. म्हणून हे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना सावध राहावे लागते. रक्तातील साखर उपाशीपोटी मोजली की जेवणानंतर, हे न विचारता दोन अहवालांची तुलना आपण करीत नाही. तसेच हे आहे.

छत्तीस, चाळीस, तेहतीस हे आकडे ऐकून सामान्य वाचकास वाटेल, की राज्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा गावांच्या हाती येतो. येथे थोडे खोलात गेले पाहिजे. राज्याच्या अर्थसंकल्पासोबत ‘लिंक डॉक्युमेंट’ नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध होते. राज्याच्या कोणत्या लेखाशीर्षातून कोणत्या जिल्ह्यास किती रक्कम द्यावयाची, हे त्यात दिलेले असते. ते उघडून पाहिले, की जिल्हा व तालुका पंचायतींच्या रकमेचा फार मोठा भाग शिक्षक, आरोग्य कर्मचारी आदींच्या वेतनाचा असतो, हे दिसते. हे वेतन जिल्हा पंचायतीच्या खात्यातून जाते. पण कर्मचाऱ्यांची भरती, बढती, बदली आणि वेतनश्रेणी राज्य ठरविते. जिल्हा पंचायत त्यात एक रुपयाही इकडचा तिकडे करू शकत नाही. खर्च तिच्या नावे, निर्णय दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

शिवाय कर्नाटकात जिल्हा व तालुका पंचायतींना कर बसविण्याचा अधिकारच नाही. तो केवळ ग्रामपंचायतीस आहे. शेजारच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदेस जमीन महसुलावर उपकर घेता येतो. रक्कम मोठी नसते, पण ती तिची स्वतःची असते. आपल्याकडे मधल्या दोन पायऱ्या सर्वस्वी अनुदानावर उभ्या आहेत.

निवडून आलेले सभासद नसतील तर हे अनुदानही अडते. कर्नाटकात २०१६ साली निवडून आलेल्या जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकांकडे कारभार राहिला. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान रीतसर गठित झालेल्या संस्थांसाठी असते. निवडणूक लांबली की आपल्या भागाच्या हक्काचा पैसा केंद्राच्या खात्यातच थांबतो. निवडणूक हा आपल्याकडे राजकारणाचा विषय समजला जातो. तो औषध-पाण्याचाही विषय आहे.

४. आपल्या करपावतीवरील एक ओळ

आपल्यापैकी अनेकांच्या मालकीच्या दवाखान्याच्या इमारती आहेत आणि आपण दरवर्षी नगरपालिकेचा मालमत्ता कर भरतो. त्या पावतीवर मूळ कराखाली काही उपकर लावलेले असतात. १९६२ च्या कर्नाटक आरोग्य उपकर कायद्यानुसार त्यात आरोग्य उपकर असतो, आणि त्याचा दर मूळ कराच्या शेकडा १५ आहे. याशिवाय वाचनालय उपकर शेकडा ६ आणि भिकारी निर्मूलनासाठीचा उपकर शेकडा ३ असतो.

आता साधा हिशेब करू. मूळ कर १,००० रुपये असेल, तर आरोग्य उपकर १५० रुपये होतो. वसुलीच्या खर्चापोटी नगरपालिकेने यातील दहावा हिस्सा, म्हणजे १५ रुपये, स्वतःकडे ठेवावा आणि उरलेले १३५ रुपये राज्य सरकारकडे भरावेत, असा नियम आहे. पैसा भालकीत किंवा बसवकल्याणात गोळा होतो, आरोग्याच्या नावाने गोळा होतो, आणि राज्याच्या तिजोरीत जातो. तेथून तो आरोग्यसेवेच्या रूपाने परत येतोही. परंतु किती आला आणि कोठे आला, हे पावती फाडणाऱ्या नागरिकास कळण्याची सोय नाही. काही नगरपालिका हा उपकर वसूल करूनही वेळेवर राज्याकडे भरत नाहीत, असे आक्षेप लेखापरीक्षणात निघत आले आहेत. त्याचे कारण उघड आहे. हातात आलेला पैसा स्वतःच्या थकलेल्या वीजबिलास वापरण्याचा मोह त्यांना होतो.

माझा या उपकरास विरोध नाही. श्रीमंत शहरातून गोळा करून गरीब तालुक्यास देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे, आणि त्याचा लाभ आपल्यालाच व्हावयाचा आहे. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात राज्यातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरविले. त्यातील ३९ तालुके अतिमागास होते आणि त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. अशा भागाने ‘आमचा पैसा आम्हालाच’ असे म्हणून चालणार नाही. तसे म्हटल्यास तोटा आपलाच आहे. माझे म्हणणे इतकेच, की येणारा आणि जाणारा पैसा एकाच कागदावर दिसावा.

५. एका फुटक्या नळाचा हिशेब

पावसाच्या पहिल्या सरी झाल्या, की एकाच गल्लीतील रुग्ण एकामागून एक उलटी-जुलाबाची तक्रार घेऊन येऊ लागतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तिसऱ्या-चौथ्या रुग्णाला ‘पाणी कोठले पिता’ असे आपण विचारतोच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. गटाराशेजारून जाणारी जलवाहिनी गळते आहे आणि दुरुस्तीस ८,००० रुपये लागतील. ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत, म्हणून काम पुढे ढकलले जाते. पंधरा दिवसांत ४० माणसे आजारी पडतात. त्यांतील ३० जण खाजगी दवाखान्यात जातात. सलाईन, औषधे, जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे ४५,००० रुपये. उरलेले १० जण सरकारी रुग्णालयात दाखल होतात. त्यांच्यावर राज्याचे प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे २०,००० रुपये खर्च होतात. ग्रामपंचायतीने ८,००० वाचविले आणि समाजाचे ६५,००० गेले. ग्रामपंचायतीच्या हिशेबवहीत मात्र शिल्लकच दिसते.

खर्चाच्या विभागणीतील खरे मर्म येथे आहे. प्रतिबंधाचा खर्च एका तिजोरीतून होतो आणि त्याचा लाभ दुसऱ्या तिजोरीत, किंवा रुग्णाच्या खिशात, जमा होतो. तेव्हा पहिल्या तिजोरीला प्रतिबंधाची निकड वाटत नाही. यात पंचायतीचे सभासद बेजबाबदार असतात असे नव्हे. समोर दोन मागण्या असतात : दिसणारा सिमेंट रस्ता आणि न दिसणारी जलवाहिनी. रस्त्यास वरून निधी येतो, जलवाहिनीच्या दुरुस्तीस येत नाही. मग कोणीही रस्ताच करील.

पंधराव्या वित्त आयोगाने हे काही अंशी ओळखले होते. २०२१ ते २०२६ या काळातील पंचायतींच्या अनुदानापैकी शेकडा ६० रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवावी, असे बंधन त्याने घातले. स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची देशव्यापी तरतूदही त्याने सुचविली. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात उपकेंद्रास वर्षास १०,००० रुपयांचा मुक्त निधी मिळू लागला, आणि त्याचे खाते आरोग्य सहायिका व गावचा सरपंच यांच्या संयुक्त नावे ठेवण्याची पद्धत घालून दिली गेली. रक्कम क्षुल्लक आहे. पण राज्याचा नोकर आणि गावाचा प्रतिनिधी यांनी एकत्र सही करावी ही रचना मला फार महत्त्वाची वाटते. जेथे दोघांचे जुळते तेथे उपकेंद्राला पाण्याची टाकी मिळते, खिडकीला जाळी बसते. जेथे जुळत नाही तेथे रक्कम मार्चअखेर तशीच पडून राहते.

६. इतरत्र काय झाले?

हा पेच केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन झाली, तेव्हा रुग्णालये स्थानिक संस्थांकडून काढून घेतली गेली. सार्वजनिक आरोग्याचे काम मात्र १९७४ पर्यंत स्थानिक संस्थांकडेच होते. ते १९७४ मध्ये आरोग्य सेवेकडे गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी, राखीव अनुदानासह, पुन्हा स्थानिक संस्थांकडे आले. म्हणजे रुग्णालय मध्यवर्ती व्यवस्थेने चालवावे आणि प्रतिबंधाचे काम लोकांच्या निकट असलेल्या संस्थेने करावे, पण त्यासाठी राखीव पैसा वरून द्यावा, या निष्कर्षाप्रत तो देश बऱ्याच फेरबदलांनंतर आला.

डेन्मार्कने २००७ च्या सुधारणेत वेगळा प्रयोग केला. रुग्णालये पाच प्रादेशिक संस्थांकडे दिली आणि ९८ नगरपालिकांवर असे बंधन घातले, की त्यांचा रहिवासी रुग्णालयात गेला की खर्चाचा काही भाग नगरपालिकेने द्यावा. आजारपणाचे बिल आपल्याकडे येणार असे कळले, म्हणजे नगरपालिका प्रतिबंधाकडे लक्ष देईल, हा हेतू. त्यावर पुढे टीकाही झाली, कारण रुग्णाला रुग्णालयात पाठवावे की नाही, हे नगरपालिकेच्या हाती नव्हते. टीका रास्त आहे आणि तीतून बोध घेण्यासारखा आहे : ज्या गोष्टीवर ज्याचा ताबा आहे, त्याच गोष्टीचा खर्च त्याच्यावर टाकावा. पाण्याच्या शुद्धतेवर ग्रामपंचायतीचा ताबा आहे. डॉक्टरच्या रिक्त पदावर नाही.

७. हद्दीपलीकडचा रुग्ण

सीमाभागात या विषयाला आणखी एक पदर आहे. औरादचा रुग्ण उदगीरला किंवा लातूरला जातो, आळंदचा सोलापूरला. उलट दिशेने उदगीर-देगलूरकडील आणि जहिराबादकडील रुग्ण बिदरला येतात. २००७ मध्ये बिदरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्यापासून हा ओघ सोपा झाला. यात गैर काही नाही. रुग्णाने जवळचा दवाखाना गाठावा हेच योग्य. पण कर्नाटकाच्या नागरिकावर महाराष्ट्राच्या रुग्णालयात झालेला बाह्यरुग्ण विभागाचा खर्च, किंवा त्याच्या उलट, हे हिशेब कोणी जुळवीत नाही. रुग्णसंख्येनुसार औषधे मागविताना हद्दीपलीकडचे रुग्ण मोजले गेले नाहीत, तर वर्षअखेर औषधे कमी पडतात आणि दोष नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यास लागतो.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत यावर एक उपाय आहे. पात्र रुग्णाने परराज्यातील संलग्न रुग्णालयात उपचार घेतले, तर त्याच्या मूळ राज्याने ते देयक द्यावे, अशी तीत सोय आहे. ती केवळ दाखल रुग्णांपुरती आहे. पण तत्त्व स्वच्छ आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने, ज्यांवर त्याचा दावा आहे अशा बिदर-भालकीकडील गावांसह ८६५ गावांतील रहिवाशांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, आणि कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. त्या वादाच्या राजकीय बाजूत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. डॉक्टर म्हणून मला एवढेच दिसते, की रुग्णाच्या खर्चाची जबाबदारी घेण्यास दोन सरकारे पुढे सरसावली तरी रुग्णाच्या हाती निश्चित असे काही पडेलच, याची खात्री नसते. लेखी करार असेल तरच ती मिळते. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा बसून आपापल्या रुग्णालयांतील परजिल्ह्यांच्या रुग्णांचा आकडा परस्परांस द्यावा, एवढ्याने आरंभ झाला तरी पुष्कळ.

८. आपण काय करू शकतो?

घटनेच्या ३७१ (जे) या कलमान्वये आपल्या विभागासाठी स्वतंत्र विकास मंडळ आहे, आणि २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ५,००० कोटी रुपयांची घोषणा झाली होती. इमारतींसाठी पैसा मिळण्याची शक्यता आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. नेमक्या याच वेळी चौथ्या खर्चाचा आग्रह धरला पाहिजे, अन्यथा कुलूप लावलेल्या इमारतींची संख्या तेवढी वाढेल. या दृष्टीने पुढील सूचना मी सहकाऱ्यांच्या विचारार्थ मांडतो.

एक : कोणतीही नवी आरोग्य इमारत किंवा पाणीयोजना मंजूर होताना पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा अंदाज आणि तो खर्च कोणती संस्था करणार याचा लेखी उल्लेख असावा, अशी मागणी आपल्या मंडळाने आमदार व जिल्हाधिकारी यांच्याकडे करावी.

दोन : देखभालीचा काही वाटा स्थानिक संस्थेने उचलावाच. ज्याने काही दिले आहे त्यालाच विचारण्याचे बळ येते. मात्र हा वाटा ऐपतीप्रमाणे असावा. कलबुर्गी महानगरपालिकेला आणि औराद तालुक्यातील एखाद्या लहान ग्रामपंचायतीला एकच दर लावणे न्यायाचे नाही.

तीन : जिल्ह्यातून गोळा झालेला आरोग्य उपकर आणि जिल्ह्याला मिळालेले आरोग्य अनुदान यांचे एक पानी पत्रक दरवर्षी नगरपालिकेच्या व जिल्हा पंचायतीच्या फलकावर लागावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. ही माहिती त्याखाली मागता येते.

चार : आरोग्य रक्षा समितीच्या सभांना आपल्यापैकी जे सभासद आहेत त्यांनी आवर्जून हजर राहावे. सभावृत्तान्तावर घरपोच सही करून देण्याची प्रथा सोडावी.

पाच : ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घेऊन ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखविले, हे आपण विद्यार्थीदशेत शिकलो. त्या पंपाचा दांडा काढण्याचा निर्णय मात्र देशाच्या सरकारने घेतला नव्हता. स्नो आपली माहिती घेऊन तेथील पॅरिशच्या स्थानिक मंडळापुढे गेले आणि ८ सप्टेंबर रोजी मंडळाने दांडा काढविला. आपल्यालाही हे करता येईल. नाव-पत्ता न देता, केवळ गाव व वॉर्डानुसार, अतिसार, विषमज्वर, कावीळ आणि डेंग्यू यांच्या रुग्णांचा आकडा प्रत्येकाने ठेवावा. जानेवारीअखेर आपल्या मंडळाने तो एकत्र करून ज्या त्या ग्रामपंचायतीच्या पी.डी.ओ.कडे आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडे द्यावा. नव्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चपूर्वी ठरतो, म्हणून तारीख महत्त्वाची. पत्रक कन्नडमध्ये असावे आणि सोबत मराठी प्रत द्यावी. वाचणारे दोन्ही भाषांचे आहेत.

हे काम करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही आणि खर्चही जुजबी आहे. मी माझ्या दवाखान्यात गेल्या दोन पावसाळ्यांपासून अशी वही ठेवली आहे. एका गावाच्या बाबतीत तिच्या आधारे पंचायतीने गटारालगतची जलवाहिनी बदलण्याचे काम बंधित अनुदानातून घेतले. दुसऱ्या गावी अद्याप दाद लागलेली नाही. दहा दवाखान्यांच्या वह्या एकत्र आल्या, तर दुसऱ्या गावालाही उत्तर द्यावे लागेल. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत वहीचा एक नमुना मी सादर करणार आहे. इच्छुक सहकाऱ्यांनी आपापल्या सूचना त्यापूर्वी कळवाव्यात, ही विनंती.